ईसीएमची पैसेवारी

जुन्या एमपीएफआय ओम्नीचं इग्निशन टायमिंग बिघडलं की पहिला संशय ईसीएमवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘कॉम्प्युटर’वर, घेतला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, एवढंच माझं म्हणणं आहे. पुण्या-मुंबईत हे मांडलं असतं तर कोणी मान वर करून पाहिलं नसतं. तिथे लोक गाडी विकून मोकळे होतात. छत्रपती संभाजीनगरात मात्र जपून बोलावं लागतं. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पुढे शेंद्र्याला स्कोडा आली, आणि इंजिनाबद्दल ठाम मत नसलेला माणूस या गावात दुर्मीळ झाला. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे बॉनेटऐवजी सीट उचलावी लागते. सिडकोच्या कुठल्याही कोपऱ्यावर ती उचलून ठेवा. चहा येण्याआधी तीन सल्लागार जमतील. एक वाळूजचा, एक ‘माझा मेहुणा स्कोडात आहे’वाला आणि एक निव्वळ अनुभवी. तिघांचं एकमेकांशी पटणार नाही, पण कॉम्प्युटर गेलाय यावर एकमत होईल. हे एकमतच मला संशयास्पद वाटतं.

आधी गाडीची ओळख. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली, १९८८ मध्ये तिचं ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. शाळेची पोरं, केटररची पातेली, रुग्ण, मंडपाचे बांबू आणि वेरूळला निघालेले पाहुणे, सगळं तिने वाहिलं. हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांचा तर सरकत्या दारामुळे तिच्यावर विशेष जीव होता. पडद्यावर तरी तिचं टायमिंग कधी चुकलं नाही. सुरुवातीच्या ओम्नीत कार्बोरेटर आणि पॉइंट होते. पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, २००५ च्या एप्रिलपासून भारत स्टेज दोन देशभर लागू झाला, आणि कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत, आली. त्याबरोबर धातूच्या चपट्या डबीत बसलेला ईसीएम आला. ज्या उस्तादांनी अर्धं आयुष्य स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरवर काढलं, त्यांच्या दृष्टीने घरात एक न बोलणारा पाहुणा राहायला आला. घरात काही हरवलं की नजर आधी त्याच्याकडे वळणारच.

टायमिंग म्हणजे नेमकं काय, हे थोडक्यात सांगणं भाग आहे, कारण ‘टायमिंग आऊट आहे’ हे वाक्य आपण ‘हवामान बदललंय’ इतक्या सैलपणे वापरतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगी पडताक्षणी पूर्ण जळत नाही; दाब चढायला दोनेक मिलिसेकंद जातात. ३००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० फेऱ्या मारतं, म्हणजे एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश पुढे जातो. म्हणून पिस्टन टॉपला पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. फार आधी टाकली, म्हणजे अ‍ॅडव्हान्स झाली, की चढावर इंजिन टकटक करतं. खुलताबादकडे जाताना दौलताबादच्या घाटात, भर मे महिन्यात, गाडीत सात माणसं असताना ही टकटक विशेष स्पष्ट ऐकू येते. फार उशिरा टाकली, म्हणजे रिटार्ड झाली, की गाडी मऊ पडते, तापते, पेट्रोल जास्त खाते आणि सायलेन्सर भाजून निघतो. कार्बोरेटरच्या गाडीत ही मागेपुढे करण्याची कामगिरी डिस्ट्रिब्युटरमधली फिरती वजनं आणि व्हॅक्यूमचा पडदा करत असत. एमपीएफआयमध्ये ती ईसीएमकडे गेली. डिस्ट्रिब्युटर मात्र त्या पहिल्या पिढीत जागेवरच राहिला, आणि माझ्या मते भांडणाचं मूळ तिथे आहे.

ईसीएमने पिस्टन कधीही पाहिलेला नसतो. पैसेवारीचं उदाहरण मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. गावात पीक किती आलं हे मंत्रालयातून दिसत नाही. तलाठी आणि त्याची समिती शिवारात जाऊन आकडा काढते, तो वर जातो, ५० पैशांच्या वर की खाली एवढं पाहून सवलती ठरतात. आकडा चुकला तर मुंबईतल्या टेबलामागची खुर्ची बदलून उपयोग नसतो. ईसीएम म्हणजे ते मंत्रालय आहे. पिस्टन कुठे आहे हे त्याला डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर कळवतो, इंजिनावर ताण किती हे मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर कळवतो, इंजिन गार की गरम हे कूलंटचा सेन्सर. या कागदांवर विसंबून तो आपल्या तक्त्यातला अंश काढतो आणि हुकूम सोडतो. आता हा डिस्ट्रिब्युटर कोणीतरी हाताने फिरवलेला असेल तर तलाठीच शेजारच्या शिवारात उभा राहून आकडे पाठवतोय. शिवाय तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याला एक अंश हलवलं की क्रँकच्या हिशोबात दोन अंशांचा फरक पडतो. ‘जरासा हलवला’ या शब्दप्रयोगात किती अंश बसतात याचा विचार उस्तादांनी करावा.

आता पुरावा. ईसीएमच्या पोटातलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. असा स्फटिक चुकला तरी दहा लाखांत काही डझनांइतकाच. सकाळी लावलेल्या अशा घड्याळावर चालणारा माणूस दुपारच्या जेवणाला सेकंदभरही उशिरा येणार नाही, आणि आपण त्याच्यावर आठ अंश रेंगाळल्याचा आळ घेतो. ईसीएम बिघडतच नाही असं मी म्हणत नाही. त्यात पाणी जातं, बॅटरी उलटी जोडली जाते, बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग केलं जातं, जुने कपॅसिटर फुगतात. पण तो गेला की सहसा ठळकपणे जातो: गाडी सुरूच होत नाही, ठिणगीच येत नाही, इंजेक्टर मुका होतो. सगळं सुरळीत, फक्त ठिणगी रोज सारखीच सहा अंश उशिरा, असा बिघाड करायला त्याला जी कल्पकता लागेल ती त्याच्याजवळ नाही. ठराविक, न बदलणारा फरक दिसला की तो कोणाच्या तरी पान्याने केलेला आहे असं समजावं.

दुसरा पुरावा याच गावच्या रस्त्यावर रोज फिरतो. बजाजने २००३ मध्ये पल्सरमध्ये डीटीएस-आय आणलं. त्यातही ठिणगी कधी टाकायची हे एक चिपच ठरवते. क्रांती चौकातून जालना रोडला लागेपर्यंत अशा किती गाड्या आडव्या जातात ते मोजायला कोणी बसू नये. त्यांच्या नाना तक्रारी असतात, चेनच्या, क्लचच्या, मालकाच्या. पण ‘पल्सरचं टायमिंग हललं, जरा फिरवून द्या’ ही तक्रार गॅरेजवर येत नाही. कारण फिरवायला तिथे काही ठेवलेलंच नाही. पिकअप कॉइल जागच्या जागी घट्ट बसवलेली असते. पुढे चारचाकीतही ज्या मॉडेलांमधून डिस्ट्रिब्युटर उडाला, त्यांच्यातून ही तक्रार जवळपास उडाली. चिप इथेही आहे आणि तिथेही आहे. टायमिंग हलतं ते फक्त जिथे माणसाच्या हाताला खाच आणि बोल्ट मिळतो तिथे. मग दोष चिपचा की हाताचा?

यावर एक आक्षेप असा की हा संशय अगदीच हवेतून आलेला नाही. बरोबर आहे. अमेरिकेत क्रायस्लरने १९७६ च्या मॉडेलांत ‘लीन बर्न’ नावाची पद्धत आणली. टायमिंग ठरवणारा छोटा कॉम्प्युटर त्यांनी थेट एअर क्लीनरवर, इंजिनाच्या धगीत आणि धडधडीत बसवला. तो इतका सतावू लागला की कित्येक मालकांनी तो काढून साधा डिस्ट्रिब्युटर बसवून घेतला. कॉम्प्युटरची बदनामी तिथून सुरू झाली असेल तर मला नवल वाटणार नाही. पण पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल टोरोनॅडोत मायक्रोप्रोसेसरवर चालणारं टायमिंग दिलं, १९७९ मध्ये बॉशने मोट्रॉनिकमध्ये पेट्रोल आणि ठिणगी एकाच कॉम्प्युटरच्या हातात दिली, आणि या डब्या हळूहळू इंजिनाच्या धगीपासून दूर, आडोशाला नेल्या गेल्या. ओम्नीत ईसीएम येईपर्यंत पाव शतक उलटलं होतं. पाव शतकापूर्वी डेट्रॉइटमध्ये झालेल्या गुन्ह्यासाठी मोंढा नाक्यावर अटक करणं योग्य नाही.

गाड्या बनवणाऱ्यांचा संशय कोणावर होता हे तर त्यांनी वायरिंगमध्येच लिहून ठेवलं आहे. त्या काळच्या सुझुकीच्या गाड्यांमध्ये निदानाच्या खोक्यात एक ‘टेस्ट’ टर्मिनल असतं. ते अर्थला जोडलं की ईसीएम आपली हुशारी बाजूला ठेवतो आणि ठिणगी पायाच्या, म्हणजे बेस टायमिंगच्या, ठरलेल्या अंशावर रोखून धरतो. टोयोटाने त्यासाठी टीई-१ आणि ई-१ जोडायला सांगितले. फोर्डने आपल्या व्हॅन आणि ट्रकांमध्ये ‘स्पाउट’ नावाचं छोटं कनेक्टर उपटायची सोय केली. दोन देशांतल्या तीन कंपन्यांनी स्वतंत्रपणे एकच व्यवस्था का ठेवली असेल? कारण त्यांना ठाऊक होतं की कॉम्प्युटर बोलत असताना डिस्ट्रिब्युटर तपासता येत नाही. आधी त्याला गप्प करावं लागतं. आणि तपासायचं डिस्ट्रिब्युटरलाच आहे, हेही त्यांनी गृहीत धरलं होतं. इंजिन गरम, एसी-दिवे बंद, आयडलिंग ठीक, टेस्टची वायर जोडलेली आणि टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरवर, एवढी तयारी झाली की पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची पांढरी रेघ वेगाने फिरत असूनही जागेवर थांबलेली दिसते आणि आकड्यासमोर उभी राहते. ही रेघ पाहिल्याशिवाय ‘टायमिंग’ हा शब्द उच्चारायला बंदी घालावी, असं मला फार वाटतं.

इथे उस्तादांचा आक्षेप येतो, आणि तो आदराने ऐकला पाहिजे: आम्ही चाळीस वर्षं कानाने टायमिंग लावलं, रिक्षापासून ट्रकपर्यंत, आणि गाड्या पळाल्या. पळाल्या, यात वाद नाही. कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवला की आयडलिंगचा आवाज चढतो-उतरतो. सर्वांत चढलेल्या जागेवरून केसभर मागे आणला की काम झालं. कान तिथे खरंच मीटरचं काम करतो, कारण इंजिन फिरवण्याला प्रामाणिक उत्तर देतं. ईसीएमची गाडी असं उत्तर देत नाही. आयडलिंग ठरलेल्या आरपीएमवर ठेवणं हे तिच्या कॉम्प्युटरचं कर्तव्य आहे. तुम्ही डिस्ट्रिब्युटर पुढे घेतलात की आवाज चढू लागतो, ईसीएमला ते कळतं, तो आयडलची हवा कमी करतो, ठिणगी सावरून घेतो, आणि आवाज पुन्हा पूर्वीसारखा होतो. उस्तादांना वाटतं फरक पडला नाही, म्हणून आणखी फिरवतात. ईसीएम आणखी सावरतो. हा शिष्टाचार दोन्हीकडून चालू राहतो आणि शेवटी बोल्ट आवळला जातो तो भलत्याच जागी. आयडलवर सगळं शांत असतं. घाटाला लागल्यावर ईसीएम आपल्या तक्त्यातला अ‍ॅडव्हान्स या चुकलेल्या पायावर चढवतो, आणि टकटक सुरू होते. तेव्हा उस्तादांचं निदान पक्कं होतं: टायमिंग तर लावलंय, म्हणजे कॉम्प्युटरच.

नव्या पिढीचा आक्षेप जास्त रुबाबदार आहे, कारण तिच्या हातात स्क्रीन असते. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही, टायमिंग बारा अंश दाखवतंय, मग चूक कुठे? चूक अशी की स्क्रीनवरचे बारा अंश हा हुकूम आहे. प्रत्यक्षात ठिणगी कुठे पडली ते स्कॅनरला दिसत नाही. मंत्रालयाच्या जावक रजिस्टरमध्ये अनुदान वाटल्याची नोंद आहे, म्हणून शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पोचले असं तुम्ही मानता का? डिस्ट्रिब्युटर दहा अंश मागे फिरवलेला असला तरी ईसीएम निष्पापपणे बाराच सांगेल आणि स्कॅनर निष्पापपणे बाराच छापेल. आणि कोड नसणं हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. सेन्सर तुटला किंवा बाद झाला तर त्या काळचा ईसीएम ओरडतो, पण सेन्सर शाबूत राहून तिरका बसला असेल तर त्याला ते कळायला मार्गच नसतो. स्कॅनर उपयोगी आहे, मी त्याच्या विरोधात नाही. कूलंटचा सेन्सर उकळत्या इंजिनाला गार म्हणतोय का, थ्रॉटल सोडल्यावर आयडल स्विच लागतोय का, हे तो झटकन सांगतो. फक्त टायमिंगच्या खटल्यात त्याची साक्ष ऐकीव धरावी.

मग खरा आरोपी शोधायचा कुठे? सीट उचला, टॉर्च मारा आणि डिस्ट्रिब्युटर जिथे आवळलेला असतो ती लांबट खाच बघा. कित्येक वर्षं हात न लागलेल्या बोल्टभोवती तेल आणि धूळ मिळून एक काळा, सलग थर जमलेला असतो. हलवलेला असेल तर वॉशरच्या एका बाजूला धातूची चकचकीत कोर उघडी पडलेली दिसते. ती वॉशरची जुनी जागा. कोणी, कधी, किती फिरवलं याचा एवढा स्वच्छ जबाब दुसरं कोणी देत नाही. पुष्कळदा हा प्रताप गॅस किट बसवणाऱ्याचा असतो. एलपीजीचा ऑक्टेन शंभराच्या वर, त्याला अ‍ॅडव्हान्स जास्त चालतो. म्हणून पिकअपसाठी डिस्ट्रिब्युटर पुढे घेतला जातो. गॅसवर गाडी खूश. पेट्रोलवर टाकली की टकटक, आणि बदनाम कोण? (घरगुती लाल सिलिंडर ठेवून ओम्नी चालवणाऱ्यांसाठी टायमिंग हा प्राधान्याचा प्रश्न नाही, त्यांनी आधी ते सिलिंडर उतरवावं.) आणि कधी असं होतं की रेघ बरोबर आकड्यावर आणायची तर बोल्ट खाचेच्या अगदी टोकाला जातो, किंवा खाच संपते तरी रेघ येत नाही. तिथे जबरदस्ती करू नये. टायमिंगचा पट्टा एक दात चुकलेला असण्याची ही खूण आहे, आणि एक दात म्हणजे क्रँकच्या हिशोबात पंधरा-वीस अंश. डिस्ट्रिब्युटर ओढून ठिणगी जागेवर आणता येईल, पण व्हॉल्व्ह उशिरा ते उशिराच उघडणार. गाडीचा दम परत येणार नाही आणि पुढचा माणूस पुन्हा ईसीएमचा भाव विचारेल. रेघ एका जागी न थांबता थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट किंवा गिअर झिजलाय. रेघ ठाम, आकडा बरोबर, तरीही गाडी मऊ, असं असेल तर दाबाच्या सेन्सरकडे जाणारी रबरी नळी दोन बोटांत धरून वाकवून बघा. तिला भेग पडलेली असली की व्हॅक्यूम गळतं, ईसीएमला वाटतं गाडी सदैव घाट चढतेय, आणि तो सावधपणे ठिणगी मागे ठेवतो. काही रुपयांची नळी. जूनच्या पहिल्या पावसानंतर सकाळी जे मिसिंग येतं ते तर बहुतेक वेळा टायमिंगच नसतं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसाएवढी चीर आणि आत ओल. अंधारात इंजिन चालू करून बघितलं तर निळी ठिणगी टोपीवर पळताना दिसते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: एवढ्या जुन्या गाडीवर एवढी मेहनत कशाला, दुसरा ईसीएम टाकून बघू. टाकून बघण्यात अडचण अशी की जुन्या बाजारातून आणलेला ईसीएम कुठल्या गाडीतून, कुठल्या कारणाने निघाला हे विकणाराही सांगत नाही. आणि तो चांगला निघाला तरी डिस्ट्रिब्युटर आहे तिथेच राहतो. म्हणजे पैसे जातात, टकटक राहते आणि आता संशय घ्यायला दोन कॉम्प्युटर होतात. नव्या ईसीएमच्या किमतीत टायमिंग लाइट कितीतरी येतात, आणि एक गॅरेजला आयुष्यभर पुरतो.

तेव्हा जुनी ओम्नी, डिस्ट्रिब्युटरवाली एमपीएफआय झेन किंवा एस्टीम ज्यांच्या दारात अजून उभी आहे त्यांना एक विनंती. ईसीएम बदलायला हो म्हणण्यापूर्वी एवढंच विचारा: टेस्टची वायर जोडून बेस टायमिंग किती अंश निघालं? उत्तर आकड्यात आलं तर किल्ली निर्धास्त देऊन या. ‘एकदम बराबर है’ असं आलं, तर गाडी चालतेय तोवर पुढच्या गॅरेजकडे वळवा.